गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा बसवताना क्लच कसा जुळवायचा

प्रश्न असा आहे: इंजिन मूळ गाडीचंच ठेवायचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या मॉडेलचा बसवायचा, तर क्लच किट इंजिनाच्या गाडीचं घ्यावं की गिअरबॉक्सच्या गाडीचं? बहुतेक वेळा दोन्हींपैकी एकही किट जसंच्या तसं चालत नाही. प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग एका खोक्यात येतात म्हणून आपण त्यांना एकच वस्तू समजतो. पण प्रेशर प्लेट फ्लायव्हीलला बांधलेली असते, म्हणजे ती इंजिनाची. क्लच प्लेटचा बाहेरचा भाग इंजिनाचा आणि मधला हब गिअरबॉक्सचा. रिलीज बेअरिंगचं भोक गिअरबॉक्सच्या नळीवर सरकतं, पण त्याचं तोंड प्रेशर प्लेटच्या बोटांवर, म्हणजे तिच्या स्प्रिंगच्या आतल्या टोकांवर, टेकतं. पायलट बेअरिंगची बाहेरची बाजू क्रँकमध्ये ठोकलेली आणि आतली बाजू इनपुट शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून इंजिनाकडे येणाऱ्या दांड्याच्या) नाकावर. म्हणून भाग निवडताना ‘कुठल्या गाडीचा’ हे विचारू नका. तो भाग दोन्हीकडे कुठे टेकतो ते पाहा आणि त्या दोन्ही जागा मोजा.

सुरुवात फ्लायव्हीलपासून करा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं. क्रँकच्या फ्लँजवरच्या बोल्टची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास आणि मधल्या खाचेचं माप इंजिनाप्रमाणे हवं. रिंग गिअरचे दाते आणि व्यास स्टार्टर जिथे बसणार आहे त्याप्रमाणे हवेत. स्टार्टर ब्लॉकवर असेल तर अडचण नाही, पण नव्या बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लच झाकणाऱ्या कवचावर) असेल तर पिनियन आणि रिंग गिअर यांची गाठ नव्याने तपासावी लागते. बॅलन्सचा, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये मुद्दाम ठेवलेल्या असमतोलाचा, मुद्दा बरेच जण विसरतात. फोर्डच्या जुन्या 302 इंजिनाला 28 औंस-इंचाचं फ्लायव्हील लागतं आणि 1980 च्या दशकातल्या नंतरच्या 302 ला 50 औंस-इंचाचं. दोन्ही एकमेकांच्या क्रँकला बिनतक्रार बसतात. चूक कळते ती इंजिन सुरू झाल्यावर, सगळी गाडी हादरायला लागते तेव्हा.

मूळ गाडी ऑटोमॅटिक असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. फ्लेक्स प्लेटचे (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असणाऱ्या पातळ चकतीचे) बोल्ट आखूड असतात, ते फ्लायव्हीलला वापरायचे नाहीत. आणि क्रँकच्या मागच्या टोकाला पायलट बेअरिंगसाठी भोक आहे का, असल्यास मापात पूर्ण केलेलं आहे का, हे हात घालून पाहा. काही ऑटोमॅटिक गाड्यांच्या क्रँकमध्ये ते नुसतं ओबडधोबड सोडलेलं असतं.

आता क्लच प्लेट. इनपुट शाफ्टवरचे दाते मोजा आणि दात्यांच्या माथ्यांवरून बाहेरचा व्यास व्हर्निअरने घ्या. दोन्ही आकडे लागतात. जनरल मोटर्सच्या मन्सी 4 स्पीड गिअरबॉक्सला आधी 10 दाते होते, पुढे 26 आले, पण व्यास दोन्हींचा 1.125 इंच, म्हणजे 28.6 मिमी. उलट फोर्ड मस्टँगमधल्या टी-5 लाही 10 दातेच आहेत, पण व्यास 1.0625 इंच, म्हणजे 27 मिमी. नुसतं ‘दहा दात्यांची प्लेट द्या’ म्हटलं की चुकीची प्लेट हातात येते. दाते सरळ बाजूंचे आहेत की बाकदार, हेही बघा. अंतिम परीक्षा हातानेच घ्यायची: नवी प्लेट शाफ्टवर स्वतःच्या वजनाने घसरली पाहिजे, कुठेही अडकता कामा नये आणि गोल फिरवताना अगदी किंचित खेळ जाणवला पाहिजे. हब अडकत असेल तर क्लच कधीच पूर्ण सुटणार नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होणार नाही. सैल करून बसवू म्हणून दाते कानशीने घासू नका.

हवा तो व्यास आणि हवे ते दाते एकाच प्लेटमध्ये तयार मिळणं दुर्मिळ. अशा वेळी क्लच प्लेट दुरुस्त करणाऱ्याकडून इंजिनाच्या प्लेटला गिअरबॉक्सच्या प्लेटचा हब रिव्हेट करून घ्यायचा हा रुळलेला मार्ग आहे. इथे तीन गोष्टी चुकतात. हबच्या स्प्रिंगांचं घर प्रेशर प्लेटच्या आतल्या भोकात मोकळं बसलं पाहिजे. हबचं पुढचं टोक फ्लायव्हीलच्या बोल्टच्या डोक्यांना लागता कामा नये. आणि हब प्लेटच्या मध्यापासून किती पुढे-मागे आहे त्यावर दात्यांवरची पकड ठरते. हबची पूर्ण लांबी शाफ्टच्या पूर्ण खोलीच्या दात्यांवर बसायला हवी. शाफ्टच्या टोकाकडे दाते उथळ होत जातात, तो भाग धरायचा नाही. फ्लायव्हीलच्या बोल्टवर मातीचा छोटा गोळा ठेवून प्लेट दाबून पाहिली तर किती जागा उरली ते लगेच दिसतं. 2 मिमीपेक्षा कमी उरली तर पुढे जाऊ नका.

फ्लायव्हील एकसंध आहे की दुहेरी (स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन भागांचं), हा वेगळा प्रश्न, आणि त्यात गोंधळ फार होतो. दुहेरी फ्लायव्हीलमध्ये टॉर्कचे झटके शोषणाऱ्या स्प्रिंगा फ्लायव्हीलमध्येच असतात, म्हणून त्याची क्लच प्लेट बहुधा बिनस्प्रिंगांची असते. तीच प्लेट एकसंध फ्लायव्हीलवर लावली तर झटके शोषणारं काहीच राहत नाही, न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो आणि डिझेल इंजिनावर तर दातेच झिजतात. दुहेरी काढून एकसंध लावायचं ठरवलं तर स्प्रिंगांच्या हबची प्लेट घ्यायलाच हवी. शिवाय दोन्हींची जाडी सारखी नसते, त्यामुळे घर्षणाचा पृष्ठभाग पुढे किंवा मागे सरकतो आणि खाली दिलेली सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतात.

प्रेशर प्लेट फ्लायव्हीलप्रमाणे घ्या: बोल्टचं वर्तुळ, डॉवेल पिना (जागा नेमकी ठरवणाऱ्या खुंट्या), सपाट फ्लायव्हील की पायरीचं. पायरीच्या फ्लायव्हीलवर सपाटवाली प्रेशर प्लेट बोल्टला बसली तरी तिचा दाब चुकतो. लेथवर फ्लायव्हील घासून घेताना हेच लक्षात ठेवा. पायरीचं असेल तर दोन्ही पातळ्या सारख्याच घासायच्या. नुसता घर्षणाचा भाग खाली गेला तर डायफ्राम (प्रेशर प्लेटची बशीसारखी स्प्रिंग) कमी दबतो, दाब घटतो आणि नवा क्लच घसरायला लागतो. दोष प्लेटचा नसून लेथचा असतो. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत येणारी आपोआप जुळवून घेणारी प्रेशर प्लेट असेल तर तिचं दाबण्याचं खास हत्यार हाताशी नसताना ती बांधू नका. बोल्ट आवळतानाच तिची आतली रिंग फिरून बसते आणि ती निकामी होते.

क्लच किती टॉर्क झेलेल याचं गणित वहीच्या एका पानावर मावतं. टॉर्क म्हणजे घर्षणांक गुणिले दाब गुणिले सरासरी त्रिज्या गुणिले घर्षणाच्या बाजूंची संख्या. साध्या ऑरगॅनिक प्लेटचा घर्षणांक 0.3 धरा. प्लेट बाहेरून 240 मिमी आणि आतून 155 मिमी असेल तर सरासरी त्रिज्या सुमारे 99 मिमी. प्रेशर प्लेटचा दाब 6,000 न्यूटन आणि बाजू दोन. 0.3 × 6,000 × 0.099 × 2 म्हणजे सुमारे 356 न्यूटन-मीटर. इंजिनाचा कमाल टॉर्क 250 असेल तर हा क्लच 1.4 पट ताकदीचा. रस्त्यावरच्या गाडीला 1.2 ते 1.5 पट पुरे होतं. हेच गणित 215 मिमी बाहेरच्या आणि 145 मिमी आतल्या व्यासाच्या प्लेटला लावलं तर 324 येतात. व्यास 25 मिमीने वाढवून ताकद जेमतेम 10 टक्के वाढली. म्हणजे मोठी प्लेट कोंबण्यासाठी बेल हाउसिंग घासायची गरज सहसा नसते, दाब वाढवला की काम होतं. पण दाबालाही किंमत असते. पेडल जड होतं, आणि पेडल दाबलेलं असताना बोटं दाबण्याचा सगळा जोर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. म्हणून दुप्पट ताकदीचा क्लच ‘असू दे’ म्हणून लावू नये. खरंच फार टॉर्क असेल तर दोन प्लेटांचा क्लच बरा. घर्षणाच्या बाजू चार झाल्याने तेवढ्याच दाबात दुप्पट टॉर्क पेलला जातो. त्याला सुटायला मात्र जास्त उचल लागते, म्हणजे हायड्रॉलिकचा प्रवासही जास्त.

गिअरबॉक्सच्या पटी क्लचच्या ताकदीत धरायच्या नसतात, कारण क्लच त्यांच्या आधी येतो. उष्णतेत त्या मोजाव्या लागतात. जुन्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर 4 पटीचा होता आणि नव्याचा 3 पटीचा आहे, तर गाडी हलवताना क्लच जास्त वेळ घसरवावा लागणार. जड गाडी, उंच टायर आणि लांब पहिला गिअर एकत्र आले की ऑरगॅनिक प्लेट चढावर वास सोडते. असं असेल तर डिफरन्शिअलची पटही बदला. केवळ या कारणासाठी सिरॅमिक प्लेट लावू नका. ती पटकन पकडते, गाडी झटके घेत सुटते आणि गर्दीच्या रस्त्यावर चालवणाऱ्याचा पाय भरून येतो.

पायलट बेअरिंग स्वस्त असल्यामुळे शेवटी आठवतं, आणि त्याच्यामुळेच अर्ध्या तक्रारी उद्भवतात. क्रँकच्या भोकाचं माप आणि शाफ्टच्या नाकाचं माप दोन वेगवेगळ्या गाड्यांचं, त्यामुळे बहुतेकदा ब्राँझचा बूश लेथवर करून घ्यावा लागतो. बेल हाउसिंगच्या मागच्या तोंडापासून क्रँकच्या भोकाच्या तळापर्यंत अंतर मोजा. मग गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडापासून शाफ्टच्या टोकापर्यंत मोजा. टोक तळाला लागता कामा नये, निदान 3 मिमी जागा हवी. आणि नाकाचा गुळगुळीत भाग 10 ते 12 मिमी तरी बेअरिंगमध्ये शिरला पाहिजे. जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांवर इथे हमखास फसगत होते. त्यांच्या क्रँकचा मागचा फ्लँज जुन्या स्मॉल ब्लॉकच्या (त्याच कंपनीच्या आधीच्या व्ही-8 इंजिनाच्या) मानाने सुमारे 0.4 इंच, म्हणजे 10 मिमी पुढे, रेडिएटरच्या बाजूला आहे. जुन्या पद्धतीचा गिअरबॉक्स लावला की शाफ्टचं नाक बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. त्यासाठी लांब पायलट बेअरिंग आणि फ्लायव्हीलखाली 0.4 इंचाची चकती लांब बोल्टसह, किंवा तेवढंच जाड फ्लायव्हील मिळतं. अपवाद 1999-2000 च्या 6 लिटर ट्रक इंजिनांचा: त्यांचा क्रँक लांबच होता. ॲडॉप्टर प्लेट वापरणार असाल तर तिची जाडी या प्रत्येक अंतरात मिळवायला विसरू नका.

बेल हाउसिंग मध्याला आहे का तेही याच टप्प्यावर बघून घ्या. फ्लायव्हीलवर चुंबकी स्टँड, डायल गेज बेल हाउसिंगच्या मागच्या भोकाच्या आतल्या कडेवर, आणि क्रँक हाताने एक फेरा फिरवायचा. काटा एकूण 0.13 मिमीपेक्षा जास्त हलला तर ब्लॉकच्या डॉवेलच्या जागी ऑफसेट डॉवेल (ज्यांचा मध्य बाजूला सरकवलेला असतो असे) घालावे लागतात. काट्याचा फरक 0.36 मिमी असेल तर डॉवेल त्याच्या निम्मा, 0.18 मिमीचा. हे न केल्यास क्लच सुटतो, गिअरही पडतो, पण काही महिन्यांत पायलट बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी जातो.

रिलीज बेअरिंगचं भोक गिअरबॉक्सच्या पुढच्या नळीप्रमाणे. तोंड मात्र प्रेशर प्लेटच्या बोटांप्रमाणे: बोटं सपाट असतील तर बेअरिंगचं तोंड गोलसर, बोटांची टोकं बाकदार असतील तर तोंड सपाट. सपाटवर सपाट लावलं तर बेअरिंगची कड बोटांना ओरबाडते. त्याआधी क्लच ढकलायचा आहे (बोटं फ्लायव्हीलकडे दाबून सुटणारा) की ओढायचा (बोटं गिअरबॉक्सकडे ओढून सुटणारा), हे ठरलेलं हवं. गिअरबॉक्स ओढायच्या पद्धतीचा आणि प्रेशर प्लेट ढकलायच्या पद्धतीची असेल तर फोर्क (बेअरिंग सरकवणारा काटा), त्याचा टेकू आणि बेअरिंग तिन्ही बदलावे लागतात. बहुतेक वेळा त्यापेक्षा गिअरबॉक्सच्या पद्धतीची प्रेशर प्लेट त्या फ्लायव्हीलला बसवणं स्वस्त पडतं.

गिअरबॉक्सच्या पुढच्या नळीवर बसणारा हायड्रॉलिक बेअरिंग असेल तर एक माप चुकवून चालत नाही. बेल हाउसिंगच्या मागच्या तोंडापासून बोटांच्या टोकांपर्यंत खोली मोजा. मग बेअरिंग पूर्ण आत दाबून गिअरबॉक्सच्या तोंडापासून बेअरिंगच्या तोंडापर्यंत उंची मोजा. पहिल्यातून दुसरी वजा केली की जे उरेल ते 4 ते 5 मिमी असावं. बेअरिंग बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. जास्त उरलं तर बेअरिंगखाली शिम (पातळ चकत्या) घालायचे, कमी उरलं तर बेअरिंगचा तळ किंवा टेकू कमी करायचा. ही जागा सोडण्याचं कारण असं: ढकलायच्या क्लचमध्ये प्लेट झिजली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि बोटांची टोकं मात्र गिअरबॉक्सकडे येतात. प्लेटची जाडी 1 मिमी कमी झाली तर टोकं 3 ते 4 मिमी मागे येतात. बेअरिंगला मागे सरकायला जागा नसेल तर ते बोटं दाबून धरतं, दाब घटतो, आणि अर्धीच झिजलेली प्लेट घसरायला लागते. उलट जागा फार सोडली तर सुटण्यासाठी लागणारा 8 ते 10 मिमीचा प्रवास आणि ही जागा मिळून बेअरिंगच्या कमाल प्रवासापलीकडे जाते, पिस्टन सीलमधून बाहेर येतो आणि तेल क्लचवर सांडतं. प्लेटची जाडी बदलली तरी बोटांची उंची बदलते, म्हणून हे माप नवी प्लेट आणि प्रेशर प्लेट पूर्ण आवळल्यावरच घ्यायचं.

फोर्कचा क्लच असेल तर मास्टर (पेडलकडच्या) आणि स्लेव्ह (फोर्ककडच्या) सिलिंडरचं गणित करा, कारण ते दोन वेगळ्या गाड्यांचे असतात. समजा मास्टरचा बोअर 19.05 मिमी आहे आणि स्ट्रोक 30 मिमी. क्षेत्रफळ 285 चौ. मिमी, म्हणजे तेल 8,550 घन मिमी. स्लेव्हचा बोअर 22.2 मिमी, क्षेत्रफळ सुमारे 387. भागाकार केला की स्लेव्हचा प्रवास 22 मिमी. फोर्कची पट 2 असेल तर बेअरिंगला 11 मिमी मिळतात, बस्स. हाच मास्टर 15.9 मिमीचा असता तर स्लेव्ह 15 मिमी चालला असता आणि बेअरिंग जेमतेम साडेसात. रिव्हर्स टाकताना करकर होण्याचं कारण बहुधा हेच असतं, आणि लोक सिंक्रोनायझर बदलत बसतात. मास्टर मोठा घेतला की पेडल जड होतं, आणि प्रवास फार वाढला तर बोटं हबच्या स्प्रिंगांवर टेकतात. म्हणून पेडलला थांबा द्या. ब्रेकचं तेल मागणाऱ्या स्लेव्हमध्ये खनिज तेल गेलं की सील फुगतात, तेव्हा मास्टर आणि स्लेव्ह एकाच तेलाचे आहेत याची खात्री करा.

जोडताना प्लेटवर ‘फ्लायव्हील साइड’ छापलेलं वाचा. बहुतेक प्लेटांत स्प्रिंगांचा फुगवटा गिअरबॉक्सकडे असतो. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. दात्यांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा नखभर थर लावून हब एकदा सरकवा, बाहेर आलेलं पुसून टाका. जास्त ग्रीस फिरताना उडून प्लेटवर जातं आणि मग गाडी सुटताना थरथरते. प्लेट मध्याला धरण्यासाठी नव्या गिअरबॉक्सच्या दात्यांचं आणि तुमच्या पायलटच्या मापाचं डमी शाफ्ट लागतं. किटमधलं प्लास्टिकचं इथे निरुपयोगी ठरण्याची शक्यता जास्त. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करून, दोन-तीन फेऱ्यांत मॅन्युअलच्या टॉर्कने आवळा. फ्लायव्हीलच्या बोल्टची भोकं क्रँककेसमध्ये उघडत असतील तर आट्यांना सीलंट लावा, नाहीतर तेल झिरपून नवी प्लेट भिजेल. गिअरबॉक्स बेल हाउसिंगपासून काही मिमी दूर अडला तर बोल्टने ओढून घेऊ नका. हब वाकतो, किंवा पायलटमध्ये नाक अडकून गिअरबॉक्सचा कान फुटतो. तो हाताने टेकला पाहिजे.

बसल्यावर पेडल पूर्ण दाबून खालच्या खिडकीतून फीलर गेज प्लेट आणि फ्लायव्हीलच्या मधे घाला. एका प्लेटच्या क्लचला पाऊण ते सव्वा मिमी फट मिळाली तर क्लच सुटतो आहे. नवी ऑरगॅनिक प्लेट पहिले 800 किमी हलक्या हाताने, थांबत-सुटत चालवा. हायड्रॉलिकच्या डबीत तेल काठोकाठ भरू नका: प्लेट झिजत जाते तसा बेअरिंग मागे सरकतो आणि डबीतलं तेल हळूहळू वर येतं.